बार्शीकडचे गुरुजी

राजरत्ननं अकरा पुस्तकं लिहिली. सगळी विज्ञानकथा नाहीतर अद्भुतकथा, म्हणजे बोलूनचालून धंदाच जे नाही ते लिहायचा. पण त्या अकरांत मिळून जेवढं खोटं नसेल तेवढं त्यानं पहिल्या पुस्तकाच्या पाठीवर, स्वतःच्या फोटोखाली, तीन शब्दांत लिहून ठेवलं: वडील प्राथमिक शिक्षक.

वडील कसले शिक्षक! वडील सोंगाडे. बोरी बुद्रुकचे तुळशीदास. चैत्रातल्या जत्रांसाठी तमाशे ठरवायला गावोगावचे पंच नारायणगावच्या राहुट्यांवर यायचे, तेव्हा पहिला प्रश्न असायचा, तुळशीदास आहे का फडात? असला तर पुढचं बोलणं. तमाशात गण-गवळण झाली की वग सुरू व्हायच्या आधी बतावणी होते. दोघं उभे राहतात, एक धडधडीत थापा मारतो आणि दुसरा त्याला खोदून खोदून विचारतो. थापा मारायचं काम तुळशीदासांचं, विचारायचं काम ढोलकीवाल्या रामनाथचं. तीस वर्षं ही जोडी फुटली नाही.

आणि थापा तरी कसल्या! तुळशीदास सांगायचे, मी चंद्रावरच्या आठवडे बाजाराला गेलतो. तिथं भाजी न्हाई, बोंबील न्हाई, नुसती वेळ विकायला, तागडी लावून. मी पावशेर सकाळ घेतली, धोतराच्या सोग्यात बांधली, पण घरी आणेपर्यंत दुपार झाली आणि सगळी नासली. रामनाथ विचारायचा, मग परत नाही केलीस? तुळशीदास प्रेक्षकांकडं पाठ करायचे, जरा थांबायचे, मान तेवढी वळवायचे आणि म्हणायचे, गेलो की, दुकानदार म्हणला, काल या. कनातीतली दोन-तीन हजार माणसं पोट धरायची.

राजरत्नच्या पहिल्या पुस्तकाचं नाव काय होतं? ‘पावशेर सकाळ’. आता काय सांगायचं राव.

तो वाईट माणूस होता असं नाही. घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. शिकायचं, साहेब व्हायचं, जुनं मागं टाकायचं, हे त्याला आई जानकाबाईनं घोटून घोटून शिकवलेलं. ती तो नोकरीला लागायच्या आधीच गेली. पुण्याच्या वसतिगृहात, बाप तमाशात आहे हे कळल्यावर, एका पोरानं त्याला सगळ्यांदेखत ‘ए ढोलकी’ म्हणून हाक मारली आणि ते नाव चार वर्षं चिकटलं. पुढं टेलिफोन खात्यात नोकरी लागली, तिथं कुणाला काही माहीत नव्हतं, आणि त्यानंही कळू दिलं नाही. दिवाळी अंकांत कथा येऊ लागल्या, लोक पत्रं लिहू लागले. त्र्याण्णव साली पुस्तक निघायचं ठरलं तेव्हा प्रकाशकांच्या माणसानं परिचय मागितला. राजरत्ननं टेबलाशी उभ्या उभ्या चार ओळी लिहून दिल्या. खरं तर वडलांचा उल्लेख कुणी मागितलाही नव्हता. पण नुसतं शिक्षण आणि नोकरी लिहिल्यावर परिचय बोडका दिसत होता.

तुळशीदास त्या वर्षी फडातून नुकतेच घरी बसले होते. पुस्तक टपालानं बोरीला गेलं. वगाच्या वह्या वाचून वाचून त्यांना वाचनाची चांगली सवय होती. दोन दिवसांत त्यांनी पुस्तक संपवलं. आपला चंद्रावरचा बाजार, आपली उद्याचं तोंड दाखवणारी विहीर, आपली उलट्या पायांची वरात, सगळं पोरानं छापून आणलेलं पाहून ते ओसरीवर एकटेच हसत बसले होते, असं पुढं शेजारच्यांनी सांगितलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि पाठ वाचली.

त्या तीन शब्दांवर बोलायची वेळ आली महिनाभरानं. एका मासिकाला नव्या लेखकाचं घर आणि आई-वडील यांच्यावर फोटोंसकट लेख करायचा होता. बोरीला येतो म्हणून त्यांचं राजरत्नला पत्र आलं. बोरीत तर शेंबडं पोरही सांगणार, तुळशीदास सोंगाड्याचं घर ना, ते काय तिकडं. तो शनिवारी पहिल्या गाडीनं गावी गेला. दुपारपर्यंत नुसता इकडून तिकडं फिरत राहिला. पत्राचं सांगितलं, पुढचं तोंडातून निघेना. जेवायला बसल्यावर म्हाताऱ्यानंच भाकरीचा तुकडा मोडत विचारलं.

“कंच्या शाळेवर व्हतो मी?”

राजरत्ननं हातातला घास परत ताटात ठेवला. त्या एका घटकेत तो म्हणू शकला असता, आबा, चुकलं माझं, खरं काय ते लिहून पाठवतो. तीसेक वर्षं तो ते वाक्य मनातल्या मनात म्हणत आला. त्या वेळी मात्र तो म्हणाला, शाळेचं नाव लिहिलेलं नाही. तुळशीदास म्हणाले, मग बरं झालं, बार्शी-करमाळ्याकडं व्हतो म्हणू, तिकडचे समदे रस्ते मला ठावं हायेत. इथं मात्र जमायचं न्हाई, गाव बदलावं लागंल.

पंधरा दिवसांत त्यांनी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, डिंगोऱ्यात, दोन खोल्या घेतल्या. सोंगाड्याचं रंगाशिवायचं तोंड तिकडं कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि तुळशीदास नावाची माणसं काय, गावागणिक असतात. आणि कामाला लागले. काम म्हणजे सोंग. ओतूरच्या बाजारात जाऊन त्यांनी कापडाची छत्री आणली, खिशाला लावायला शाईचं पेन आणलं. एका शाळेसमोरच्या पारावर चार दिवस बसून मास्तर लोक कसे खाकरतात, कुणी चुकीचं बोललं की लगेच न टोकता कसे नुसते बघतात, ते पाहिलं. पाढे तिसापर्यंत पाठ केले. सदऱ्याच्या उजव्या बाहीला, कोपराच्या खाली, खडूची पूड चोळली. मासिकाचा माणूस नव्या पत्त्यावर आला, त्यानं त्या बाहीचा फोटो काढला आणि लेखात खास लिहिलं की निवृत्तीनंतरही गुरुजींच्या बाहीवरचा खडू गेलेला नाही.

लेख वाचून राजरत्नला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं. नुसतं बरं वाटलं नाही, आनंद झाला. पुढं म्हातारपणी त्याला लाज वाटली ती खोट्याची कमी आणि त्या दिवशीच्या आनंदाची जास्त.

मासिकाचा माणूस गेला तरी सोंग उतरेना. कसं उतरणार? अख्खं डिंगोरे त्यांना गुरुजी म्हणायला लागलं होतं. शेजारच्या झुंबरबाईंनी आपली पोरगी पाढे शिकायला पाठवली, तिच्यामागं दुसऱ्या चार घरांतली आली. तुळशीदास चौथीची पुस्तकं आणून आदल्या दिवशी स्वतः वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचे. पैसे कधी घेतले नाहीत. घरात गावरान बोलायचे आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की पुस्तकातल्यासारखं शुद्ध. बोरीला ते परत गेले नाहीत, कुणाच्या लग्नाला नाही की मयतीला नाही.

इकडं राजरत्नचं बरं चाललं होतं. ‘उद्याची विहीर’ला पुरस्कार मिळाला. ‘तिसऱ्या चंद्राची जत्रा’ अभ्यासक्रमाला लागली. पण बापाच्या बतावण्या होत्या किती? विसेक. त्या पाच पुस्तकांत सरल्या. पुढची सहा त्यानं स्वतःच्या बळावर लिहिली. त्यांत यानं होती, यंत्रमानव होते, दर पानाला एखादं समीकरण होतं, आणि हसू मात्र कुठंच नव्हतं. समीक्षकांनी चांगलं म्हटलं, वाचकांनी विकत घेतलं नाही. श्रेया नावाची एक मुलगी त्याच्या साहित्यावर प्रबंध लिहीत होती. तिनं एकदा अगदी सरळपणे विचारलं की सर, सुरुवातीच्या पुस्तकांतला माणूस नंतर कुठं गेला? तिला त्या बाजाराची कल्पना कशी सुचली तेही हवं होतं. राजरत्ननं सांगितलं, सापेक्षतेवरचा एक लेख वाचताना सुचली. तिनं ते वहीत उतरून घेतलं, आणि तो तिच्या पेनाकडं बघत बसला.

मग गेल्या वर्षी श्रावणात तो डिंगोऱ्याला गेला असताना झुंबरबाई सहज सांगून गेल्या. मागच्या आठवड्यात कुणी एक वेडं म्हातारं आलं होतं म्हणे, हातापायाच्या काड्या झालेलं. गुरुजींच्या दारात उभं राहून गुरुजींनाच सोंगाड्या म्हणत होतं. म्हणत होतं, तुळशा, लई शोधला तुला, एकदा भेटायचं व्हतं. गुरुजींनी त्याला पाणी दिलं, चहा पाजला आणि आपली काही ओळख नाही म्हणून सांगितलं. एसटीपर्यंत सोडायलाही गेले. एवढी माणुसकी कोण दाखवतं हो आजकाल, असं झुंबरबाईंचं म्हणणं.

तो रामनाथ होता. राजरत्ननं चौकशी केली तेव्हा तो वारून चार दिवस झाले होते. त्यानं वडलांना विचारलं तर ते खिडकीकडं बघत म्हणाले, दारात झुंबरबाई उभी व्हती. एवढंच बोलले आणि छत्री घेऊन बाहेर पडले.

त्या दिवशी राजरत्न आतून हलला. झालं एवढं पुरे, आता बापाला त्याचं नाव परत मिळालं पाहिजे, आणि तेही तो जिवंत असताना, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. त्याच्या समग्र साहित्याचे खंड निघायचे होते, दिवाळीनंतर प्रकाशन होतं. त्यानं पहिल्या खंडासाठी एक नवं प्रकरण लिहायला घेतलं, ‘माझा बाप सोंगाड्या’. सगळं लिहिलं. वसतिगृह लिहिलं, परिचयाच्या ओळी लिहिल्या, रामनाथचा चहा लिहिला. कित्येक वर्षांत त्याचा हात असा चालला नव्हता. फक्त बतावण्या बापाच्या शब्दांत हव्या होत्या, आपण लिहिलेल्या नकोत. म्हणून तो बापानं बतावण्या उतरून ठेवलेल्या वह्या मागायला गेला.

“बंबात घातल्या,” तुळशीदास म्हणाले. “इथं ऱ्हायला आलो त्याच हप्त्यात. दोन दिस पाणी लई चांगलं तापलं.”

मग तोंडी सांगा, मी लिहून घेतो, म्हणून राजरत्ननं विनवलं. फोन पुढं ठेवला. प्रकरण छापतोय तेही सांगितलं, बहुतेक परवानगीच मागत होता. नव्वदीला टेकलेल्या म्हाताऱ्यानं फोन उलटा करून ठेवला आणि पोरांच्या वह्या तपासायला ओढल्या. होय नाही की नको नाही. राजरत्ननं त्याचा अर्थ होय असा घेतला. आयुष्यभर बापाच्या गप्प राहण्याचा त्यानं सोयीचा अर्थच घेतला होता, तेव्हा यात नवल ते काय.

समग्र खंड निघायच्या आधी डिंगोऱ्याच्या शाळेनं त्याचा सत्कार ठरवला. लेखकाचा आणि लेखक घडवणाऱ्या गुरुजींचा, दोघांचा. मुख्याध्यापक सुदर्शन सरांनी स्वतः पुण्याला येऊन आमंत्रण दिलं. राजरत्नला वाटलं, हीच जागा, इथंच सांगायचं. ज्या गावात सोंग चढवलं तिथंच सगळ्यांसमोर उतरवायचं.

सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात मांडव भरला होता. तुळशीदास पुढं खुर्चीवर, छत्री गुडघ्यांमध्ये धरून. राजरत्न बोलायला उठला आणि प्रस्तावना न करता म्हणाला की मी तुम्हा सगळ्यांना फसवलंय. माझे वडील शिक्षक नव्हते. ते तमाशात सोंगाडे होते, या जिल्ह्यातले सगळ्यात मोठे, आणि मी लिहिलेलं जे काही चांगलं आहे ते त्यांचं आहे. मला लाज वाटली म्हणून मी त्यांना मास्तर केलं. सुदर्शन सर कागदाच्या घड्या घालत बसले. माणसं एकदा लेखकाकडं आणि एकदा गुरुजींकडं बघायला लागली.

तुळशीदास उठले. छत्री टेकत टेकत माईकपाशी आले. सदऱ्याच्या खिशातलं पेन नीट केलं. सगळं पटांगण बघत असताना ते जरा खाकरले, आणि काही न बोलता नुसते राजरत्नकडं पाहत राहिले.

“मंडळी, आमचे चिरंजीव लेखक आहेत,” ते शुद्ध, संथ सुरात म्हणाले. “यांनी चंद्रावर बाजार भरवला, तुम्ही वा म्हणालात. यांनी सकाळ तागडीत घालून विकली, तुम्ही वा म्हणालात. आता अकरा पुस्तकं झाल्यावर लिहायला शिल्लक काय राहिलं? म्हातारा बाप.”

ते लोकांकडं पाठ करून निघाले. दोन पावलं गेले. थांबले. मान तेवढी वळवली.

“नाचवू द्या हो. मास्तरकीत पाय मोकळे करायला मिळतात कुठं?”

असा हशा उठला की मांडवाच्या मागं उभी असलेली माणसंही वाकली. झुंबरबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. सुदर्शन सरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि टाळ्या सुरू केल्या. तेवढ्यात गुरुजींनी पोरांच्या रांगांकडं हात केला आणि विचारलं, सतरा साते? शे-दीडशे पोरं एकदम ओरडली, एकशे एकोणीस. मग विषयच संपला. लेखक मंडळी अशीच असतात, भावनेच्या भरात काहीही कल्पना करतात, असं आभार मानताना सर कौतुकानं म्हणाले.

राजरत्न व्यासपीठावर उभाच होता. एवढ्या गर्दीत त्याला एकट्यालाच कळलं होतं की आत्ता काय झालं. ती पाठ, ते थांबणं, ती मान. बत्तीस वर्षांनी तुळशीदास बोरीकर कामाला उभे राहिले होते आणि पहिल्या वाक्याला त्यांनी गाव खिशात घातलं होतं. त्याला रडू येत होतं आणि त्याला हसूही आलं, आणि शेजारी असं कुणी नव्हतं की ज्याला सांगावं, बघा, हा माझा बाप.

घरी आल्यावर त्यानं दार लोटलं आणि विचारलं, आबा, असं का केलंत? खरं सांगत होतो मी. आयुष्यात एकदाच सांगत होतो.

तुळशीदासांनी सदरा काढून खुंटीला लावला. थकले होते. खाटेवर बसून पाणी प्यायले, मग बोलले.

“तवा सांगितलं असतंस तर मी छाती काढून हिंडलो असतो. बोरीत पेढं वाटलं असतं. लेकानं बापाच्या बतावण्या छापल्या, ह्याच्यापरीस मोठं काय व्हतं रं मला? पर तू मास्तर म्हणलास. मी म्हणलं, पोराची तीच मर्जी, तर मास्तर. रामनाथला दारातनं परत लावला मी त्याच्यापायी. त्याला वळखलं न्हाई म्हणलं.” त्यांनी तांब्या खाटेखाली सरकवला. म्हणाले, “आता तू म्हणतोस, ते खोटं व्हतं. मग त्याला कशापायी लावला मी परत?”

राजरत्न खाटेशेजारी जमिनीवर बसला, बापाच्या पायावर हात ठेवला. म्हाताऱ्यानं पाय मागं घेतला नाही. थोड्या वेळानं बाहेर मुलांचा आवाज आला तेव्हा तुळशीदासांनी सदरा परत मागितला, आणि राजरत्ननं तो खुंटीवरून काढून त्यांच्या अंगात चढवला, एक एक बाही धरून.

तिन्हीसांजेला प्रकाशकांचा फोन आला. पहिला खंड छपाईला जायचा होता, सगळी पानं लागली होती, फक्त वडलांवरच्या प्रकरणाला लेखकाची शेवटची मंजुरी हवी होती. आतल्या खोलीत पोरांचा पाढा चालला होता. राजरत्ननं ते प्रकरण काढून टाकायला सांगितलं. प्रकाशकांना आश्चर्य वाटलं, ते म्हणाले की सबंध खंडात तेवढंच काय ते वाचताना डोळ्यांत पाणी आणणारं आहे, का काढताय?

“ते कल्पित आहे,” राजरत्न म्हणाला.